डीपी पेटली

धम्मप्रियाच्या खोलीचं दार बंद होतं आणि आतून जे ऐकू येत होतं त्याला गाणं म्हणावं की दाढदुखी, हे रत्नदीपला दोन महिने झाले तरी ठरवता आलं नव्हतं. ठेका असा जोरात की शोकेसमधले कप थरथरत होते. पण त्या ठेक्याखाली पोरगी काय म्हणते आहे ते कळायला मार्ग नव्हता. तोंडात कडक भाकरीचा घास ठेवून कुणी गाऱ्हाणं सांगावं, तशी ती पुटपुटत होती.

"तुला शब्द ऐकू यायलेत का?" त्यानं बायकोला विचारलं.

"मला कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायल्यात," राजश्री म्हणाली. "गॅस बंद करा तेवढा."

गॅस बंद करून रत्नदीपनं दार ठोठावलं. धम्मप्रियानं कानावरचा हेडफोन एका बाजूनं सरकवला आणि दार बोटभर उघडलं.

"धम्मू, ह्याला रॅप म्हणत न्हाईत. रॅपला शब्द पायजेत, शब्द! आमच्या टायमाला एकेक शब्द दगडासारखा लागायचा."

"पप्पा, आता व्हाइब असती. शब्द मागनं पोचतात."

"कशानं पोचतात? मंगळवेढ्याच्या एसटीनं?"

बाहेरच्या खोलीत पलंगावर बसलेल्या ईश्वरआण्णांनी, म्हणजे रत्नदीपच्या वडिलांनी, पेपर खाली केला. "तुज्या टायमाला मला बी ह्येच वाटलं हुतं," ते म्हणाले आणि त्यांनी पेपर पुन्हा वर केला.

आता रत्नदीपचा टाइम म्हणजे काय, हे सांगायला हवं. सात रस्त्याजवळच्या विमा ऑफिसात चष्मा लावून फायली हलवणारा हा गृहस्थ कोणे एके काळी 'एमसी रत्न' होता. सोलापूरचा पहिला रॅपर. हे त्याचं स्वतःचं मत होतं आणि त्याला अजून कुणी आव्हान दिलं नव्हतं, कारण कुणाला ते माहीतच नव्हतं. मशीनवर बीट बनवायची ऐपत नव्हती, म्हणून तो ती तोंडानं काढायचा. थू-थू, टिश्श, ढुप्प. धम्मप्रिया तान्ही असताना इतर पोरींना अंगाई लागायची, हिला ढुप्प-टिश्श लागायचं. त्याशिवाय ती डोळा मिटायची नाही.

या कलेचा शेवट चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मंचावर झाला. रत्नदीप टोपी उलटी घालून उभा राहिला, नळाला चार दिवसांनी येणाऱ्या पाण्यावरचं गाणं सुरू करणार म्हणून आधी त्यानं तोंडानं ठेका धरला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून ईश्वरआण्णा काळजीनं उठून म्हणाले, "आरं, पोराला उचकी लागलीय, पानी द्या की कुनीतरी!" कुणीतरी खरंच तांब्या घेऊन मंचावर चढलं. मैदान हसून लोळलं. एमसी रत्न पाणी प्यायला, खाली उतरला आणि पुढं विम्याच्या परीक्षेला बसला.

ईश्वरआण्णांचाही काही फार दोष नव्हता. ते गायनपार्टीतले. समोरच्या पार्टीनं सवाल टाकला की उभ्या उभ्या जवाब जुळवायचा, आणि तोही असा की समोरच्यानं पेटी बंद करून खाली बसावं. त्या काळी त्यांचे वडील त्यांना म्हणाले होते, "ह्ये काय गानं हाय व्हय? ह्ये तर भांडान." थोडक्यात, या घरात पुढच्या पिढीचं गाणं हे मागच्या पिढीच्या मते गाणं नसतं, ही परंपरा होती आणि ती सगळ्यांनी निष्ठेनं पाळली होती.

यंदा मंडळानं जयंतीच्या कार्यक्रमात धम्मप्रियाला पंधरा मिनिटं दिली होती. तीही कुरकुरत. "जमलं तर फुडच्या वर्षी बी देऊ, न्हाईतर आपला ऑर्केस्ट्रा हायच," असं अध्यक्षांनी बजावलं होतं. पोरीच्या दृष्टीनं सगळं या पंधरा मिनिटांवर होतं. रत्नदीपच्या दृष्टीनं मात्र सगळं एका वाक्यावर होतं.

"धम्मू, फकस्त एक वाक्य," रात्रीच्या जेवणाला शेंगाचटणीची वाटी तिच्याकडं सरकवत तो म्हणाला. "मंचावरनं म्हणायचं, सोलापूरचा पहिला रॅपर म्हंजे माझे पप्पा. बास."

"बघू."

"बघू म्हंजे?"

"तुमी नीट ऐका म्हंजे झालं. आन हे बघा, टोपी घालून यायचं न्हाई, थू-थू करायचं न्हाई. आन माझ्या व्हिडिओखाली ते 'खूप छान बेटा, अशीच प्रगती कर' लिहायचं न्हाई. वर गुलाबाची फुलं टाकता तुमी. कॉलेजातली पोरं हसतात."

"मग काय लिहू?"

"कायपण नका लिहू. न्हाईतर सगळे लिहितात ते लिवा. डीपी पेटली."

डीपी हे धम्मप्रियाचं रॅपमधलं नाव. पोरांना ते फार आवडायचं, कारण डीपी म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यावर जाळीत उभा असलेला तो विजेचा डबा, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात त्याच्यासारखं पेटणारं दुसरं काही नाही. गाणं चांगलं झालं की पोरं लिहायची, "डीपी पेटली!" रत्नदीपनं हे वाक्य मनात दोनदा घोळवून ठेवलं.

तयारीच्या मीटिंगमध्ये जनरेटरचा विषय निघाला तेव्हा मंडळाचा सभासद या नात्यानं रत्नदीप ठासून म्हणाला, "जनरेटर कशाला उगं? मैदानावरची डीपी औंदाच नवीन बसवलीय. काय हुत न्हाई तिला." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि जनरेटर रद्द झाला.

जयंतीच्या संध्याकाळी जुळे सोलापुरातलं, रत्नदीपच्या सोसायटीजवळचं ते मैदान फुलून गेलं. पहिल्या रांगेत ईश्वरआण्णा पांढऱ्या शर्टात, शेजारी रत्नदीपची आई नागूबाई, तिच्या शेजारी राजश्री. रत्नदीप मोबाइल उंच धरून सगळ्यात मागं उभा होता, कारण तिथून सगळा मंच आणि सगळी गर्दी एकाच फोटोत यायची. वक्त्यांची भाषणं झाली, सत्कार झाले आणि मग धम्मप्रिया आली. धुराच्या मशीननं भसाभसा धूर सोडला, त्यावर लाल-पिवळे दिवे पडले, ठेका सुरू झाला आणि मैदानातली तरुण पोरं उभी राहून नाचायला लागली. काय म्हणते आहे ते रत्नदीपला याही वेळी कळलं नाही, पण पोरं नाचत होती हे खरं. त्याचा ऊर भरून आला.

हे सोसायटीला कळलं पाहिजे, असं त्याला वाटलं. एरवी सोसायटीच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर टाकी कधी धुणार आणि गेटसमोर गाडी कुणी लावली, याशिवाय काही नसायचं. त्यानं फोटो काढला. गर्दीत कुणाचा तरी धक्का लागून तो हलला, म्हणजे त्यात नुसता धूर आणि आगीसारखा उजेड आला. तरी भारी दिसतोय, असं वाटून त्यानं तो टाकला आणि खाली लिहिलं, "मैदानावर डीपी पेटली! लई जाळ!"

सोसायटीचे चेअरमन गुरुसिद्धप्पा त्या वेळी टीव्हीसमोर ताट घेऊन बसले होते. गेल्या उन्हाळ्यात डीपी उडाली तेव्हा त्यांचा नवा टीव्ही आणि सुनेच्या माहेरून आलेला फ्रीज एकाच क्षणी निजधामाला गेले होते. तेव्हापासून त्यांनी वायरमन सोमलिंगचा नंबर स्वयंपाकघरातल्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवला होता. फोटो बघताच ते ताटावरून उठले. "अय्यो, एन आयतु री!" म्हणजे काय झालं हो, असं कानडीत ओरडून त्यांनी आधी टीव्हीची पिन ओढली आणि मग ग्रुपवर लिहिलं, "बापरे! कधीपासून?"

रत्नदीपला हुरूप आला. त्यानं लिहिलं, "आत्ताच सुरू झालंय. अजून वाढणार!"

"खूप मोठी आहे का?" तिसऱ्या मजल्यावरच्या दानम्मांनी विचारलं.

"लई मोठी! सगळं मैदान उभं राहिलंय!"

"कुणाला काही झालं नाही ना?"

"पोरं वेडी झालीत! तुम्ही पण या बघायला, लहान मुलांना घेऊन या!"

मग कुणीतरी विचारलं, "बंबाला फोन केला का?" ही गंमत रत्नदीपला फार आवडली. आपली सोसायटी इतकी रसिक असेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्यानं हसत हसत लिहिलं, "बोलवा, बोलवा! पण ही आता कुणाच्यानं विझणार नाही!"

दोन मिनिटांनी मैदानातली लाईट गेली.

ठेका मध्येच तुटला, धुराचं मशीन एकदा खोकून गप्प झालं. अंधारात आधी शिट्ट्या झाल्या, मग "जनरेटर! जनरेटर!" असा ओरडा. मंडळाचे अध्यक्ष अंधारात रत्नदीपला शोधायला लागले. रत्नदीपनं मोबाइल बघितला. गुरुसिद्धप्पांचा निरोप सगळ्यात खाली होता. "कुणीही घाबरू नये. वायरमन सोमलिंग यांना सांगून त्या बाजूची लाईट बंद करून घेतली आहे. वेळेवर कळवल्याबद्दल रत्नदीप यांचे सोसायटीतर्फे आभार."

रत्नदीपनं वरून खालपर्यंत सगळे निरोप पुन्हा वाचले आणि या वेळी त्याला त्यांचा अर्थ लागला. त्यानं सोमलिंगला फोन लावला.

"अहो, लाईट सोडा! डीपी पेटली न्हाई!"

"आत्ताच तर चेअरमनसायेब म्हनले, तुमी लिवलंय की वाडत चाललीय म्हनून."

"ती येगळी डीपी हो! माझी डीपी!"

"दुसरी बी पेटली?" सोमलिंग किंचाळला. "थांबा थांबा, तिकडची बी बंद करतो!"

मैदानापलीकडच्या इमारतींचे दिवेही गेले. "तपासल्याबिगर सोडता येत न्हाई सायब, मी निगालोच," एवढं सांगून सोमलिंगनं फोन ठेवला.

लोक चपला शोधायला लागले. मोबाइलच्या उजेडात मंचावर धम्मप्रिया एकटी उभी दिसत होती. हातात मेलेला माईक. दोन महिने जिचं नाक वर होतं ती पोरगी आता रडकुंडीला आली होती. रत्नदीपला भरून आलं. आपण एका वाक्यासाठी जीव टाकत होतो आणि आपल्याच एका वाक्यानं पोरीचं वाटोळं केलं, हे त्याला आरपार लागलं. गर्दीतून वाट काढत तो मंचापाशी पोचला.

"धम्मू, म्हण की तशीच!"

"तशीच कशी म्हणू? माईक न्हाई, बीट न्हाई!"

तेव्हा पहिल्या रांगेतून गायनपार्टीचा आवाज उठला. माईकशिवाय चार गल्ल्या ऐकू जाणारा तो आवाज, गेली कित्येक वर्षं नुसता पेपर वाचत पडला होता. "आगं ए! माईक न्हवता तवा आमी काय मुके हुतो व्हय? पोटातनं काड आवाज. आन त्वांड उगड! शब्दाला भायेर यायला दार लागतंय." मग ईश्वरआण्णा मुलाकडं वळले. "आन रत्न्या, तुजी ती उचकी कुटं हाय? काड की भायेर!"

रत्नदीप मंचावर चढला. ओठांना कोरड पडली होती. पहिलं ढुप्प नुसतंच हवेत विरलं. दुसरं बरं निघालं. नागूबाईनं हातातल्या बांगड्या मागं सारून टाळीचा ठेका दिला आणि चार-सहा ठोक्यांत ती जुनी गाडी सुरू झाली. ढुप्प-टिश्श, ढुप्प-टिश्श. धम्मप्रियानं चमकून बापाकडं बघितलं. या ठेक्यावर ती आयुष्यात फक्त झोपली होती. त्या अंधारात ती पहिल्यांदा त्यावर जागी झाली.

माईक नव्हता, त्यामुळं पुटपुटून भागणार नव्हतं. पोरीनं आजोबांनी सांगितल्याप्रमाणं तोंड उघडलं आणि दोन महिने दाराआड कोंडलेले शब्द एकेक करून मैदानात आले.

"आज्जानं सोडला शब्द, तवा न्हवता माईक,
बापानं धरला ठेका, तवा न्हवता लाईक,
दोगांचं घिऊन उसनं, मी झाले डीपी,
सोलापुरात पयला कोन? ज्याची उलटी टोपी!"

रत्नदीपचा ठेका चुकला. म्हणजे हेच ते वाक्य. हेच ती रोज म्हणत होती, त्याच्याच घरात, त्याच्याच डोक्यावर कप वाजवत. आणि तो दाराबाहेर उभा राहून शब्द नाहीत म्हणून भांडत होता. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण पुसायला सवड नव्हती, कारण तोंड थांबलं तर गाणं पडणार होतं. तो रडत रडत ढुप्प-टिश्श करत राहिला आणि ओल्या नाकामुळं त्याची टिश्श पूर्वी कधी नव्हती इतकी खणखणीत निघाली.

चपला शोधणारे थांबले. मोबाइलचे दिवे वर गेले. "उलटी टोपी!" असं पोरं ओरडायला लागली, आणि नेमक्या तिसऱ्या कडव्याला लांबून सायरनचा आवाज आला. लोकांना वाटलं, हीसुद्धा गाण्यातलीच करामत आहे. आगीचा बंब मैदानात शिरला तेव्हा त्याला टाळ्या पडल्या. वरून एक जवान उडी मारून उतरला आणि ओरडला, "डीपी कुटं पेटलीय?"

सगळ्या मैदानानं मंचाकडं बोट दाखवलं.

पुढं जे व्हायचं ते झालं. बंबाच्या साहेबांनी रत्नदीपला बाजूला घेऊन चांगलं फैलावर घेतलं. मंडळाच्या अध्यक्षांनी पुढच्या वर्षी धम्मप्रियाला अर्धा तास आणि रत्नदीपला जनरेटरची जबाबदारी दिली. गुरुसिद्धप्पांनी ग्रुपवर जाहीर माफी मागायला सांगितलं. रत्नदीपनं लिहायला घेतलं, "काल मैदानावर डीपी पेटली नव्हती." मागून धम्मप्रियानं वाकून वाचलं.

"पप्पा! हे काय लिवायलाय? माझा शो पडला म्हणतील की लोकं!"

पेटली लिहावं तर गुरुसिद्धप्पा चिडणार, नव्हती पेटली लिहावं तर घरात राहणं मुश्कील. शेवटी बराच विचार करून त्यानं लिहिलं, "डीपी या शब्दामुळं गैरसमज झाला. क्षमस्व. दोन्ही डीपी सुखरूप आहेत." त्यावर सगळे हसले, गाण्याचा व्हिडिओ सोसायटीत घरोघरी पोचला आणि सोमलिंग वायरमनसुद्धा ग्रुपवर येऊन आपल्या बायकोमुलांसह चाहत्यांत सामील झाला.

पुढच्याच रविवारी, भर दुपारी, मैदानावरची खरीखुरी डीपी धाडकन आवाज करून पेटली.

गुरुसिद्धप्पांनी खिडकीतून फोटो काढून लगेच टाकला. "डीपी पेटली!" दानम्मांनी टाळ्यांची चिन्हं पाठवली. कुणी अभिनंदन केलं, कुणी पुढचा कार्यक्रम कधी म्हणून विचारलं. गुरुसिद्धप्पांनी घाबरून लिहिलं, "अहो, खरंच पेटली आहे!" तर सोमलिंगचा जबाब आला, "लई भारी चेअरमनसायेब! आमच्या घरचे पन सगळे म्हनतात, खरंच पेटली." बंबाला फोन गेला तेव्हा तिकडून शांतपणे विचारण्यात आलं, "गाणारी का जळणारी?"

सगळं स्पष्ट होऊन सोमलिंग यायला संध्याकाळ होणार होती. पंखे थांबले. रत्नदीपच्या घरात फरशीवर पाणी शिंपडून सगळे घामाघूम बसले होते. बंद खोलीत गुदमरायला झालं म्हणून धम्मप्रियाही बाहेर येऊन बसली. तिचा हेडफोन गळ्यात मुकाट पडला होता.

"ए पोरी," पदरानं वारा घेत नागूबाई म्हणाली, "म्हन की तुजं त्ये. लाईट न्हाय तवरच कळतंय तू काय म्हनतीस."

धम्मप्रियानं बापाकडं बघितलं. "पप्पा, बीट द्या."

रत्नदीपनं घसा खाकरला. मग उठून आत गेला आणि कपाटातली जुनी टोपी उलटी घालून आला. या वेळी धम्मप्रियानंच ती हातानं नीट बसवली.

ईश्वरआण्णांनी पेपरची घडी घालून बाजूला ठेवली, दोघांकडं एकदा नीट बघितलं आणि सुनेला म्हणाले, "राजश्री, पान्याचा तांब्या हितं आणून ठेव. त्याला उचकी लागायचा टाइम झाला."